पदराची किंमत

हाताने विणलेली पैठणी आणि यंत्रमागावर विणलेली तिच्यासारखी दिसणारी साडी यांच्या किमतींत आज दसपटीचे, कित्येकदा त्याहूनही मोठे अंतर असते, आणि या अंतराचे कारण विचारले असता विक्रेता व ग्राहक दोघेही बहुधा एकच उत्तर देतात: हातमागाची पैठणी दुर्मीळ आहे, म्हणून ती महाग आहे. हे उत्तर खोटे नाही. परंतु ते अपुरे आहे, कारण दुर्मीळ असलेली प्रत्येक वस्तू महाग नसते आणि पैठणी मुळात दुर्मीळ का झाली हा प्रश्न त्यात तसाच शिल्लक राहतो. डेव्हिड रिकार्डो या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८१७ मध्ये, म्हणजे पेशवाई बुडण्याच्या आदल्या वर्षी, प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात वस्तूंचे दोन वर्ग केले होते. जुनी शिल्पे, चित्रे, दुर्मीळ ग्रंथ यांसारख्या ज्या वस्तू कितीही श्रम केले तरी वाढवता येत नाहीत त्यांचे मोल केवळ दुर्मीळतेवरून ठरते, आणि ज्या वस्तू श्रमाने हव्या तितक्या निर्माण करता येतात त्यांचे मोल मुख्यतः त्यांत खर्ची पडलेल्या श्रमावरून ठरते, असे त्याचे म्हणणे होते. पैठणी बाजारात पहिल्या वर्गातील वस्तू म्हणून विकली जाते. प्रत्यक्षात ती दुसऱ्या वर्गातील आहे. तिच्या किमतीचा इतिहास समजून घ्यायचा तर आधी ती विणली कशी जाते हे पाहावे लागते, कारण तिचे सारे अर्थशास्त्र मागावरच्या एका विशिष्ट कृतीत दडलेले आहे.

कोणत्याही कापडात मागावर ताणलेले उभे धागे असतात, त्यांना ताणा म्हणतात, आणि त्यांच्या आरपार जाणारे आडवे धागे असतात, त्यांना बाणा म्हणतात. साध्या कापडात बाण्याचा धागा धोट्यात, म्हणजे होडीच्या आकाराच्या लाकडी साधनात, गुंडाळलेला असतो आणि तो एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत अखंड जातो. पैठणीत तसे होत नाही. तिच्या अंगाचा रंग वेगळा आणि काठांचा वेगळा असल्यामुळे पारंपरिक पद्धतीत तीन धोटे चालतात, दोन काठांसाठी आणि एक अंगासाठी, आणि जिथे काठ व अंग एकमेकांना भिडतात तिथे दोन्हींचे बाणे प्रत्येक ओळीत परस्परांत अडकवले जातात. पदरात हीच रीत अधिक बारीक होते. तिथे धोट्यांची जागा तिल्ल्या घेतात. तिल्ली म्हणजे रंगीत रेशीम किंवा जर गुंडाळलेली लहानशी कांडी. पदराची जमीन जरीची आणि तिच्यावरची नक्षी रेशमाची, अशी जुन्या पैठणीची मांडणी असते. त्यामुळे एका आडव्या ओळीत मोराच्या मानेसाठी एक तिल्ली, पंखासाठी दुसरी, चोचीसाठी तिसरी, भोवतालच्या जरीसाठी आणखी एक, अशा डझनावारी तिल्ल्या पदराच्या रुंदीभर लोंबत असतात. विणकर ताण्याचे धागे बोटांनी मोजून, जेवढ्या धाग्यांवर तो रंग हवा तेवढ्यांतूनच ती तिल्ली काढतो, शेजारच्या रंगाच्या धाग्यात तिला अडकवून परत फिरवतो, आणि ओळ पुरी झाली की फणीने ती ठोकून पुढच्या ओळीकडे वळतो.

या कृतीचे दोन परिणाम आहेत आणि दोन्ही किमतीशी संबंधित आहेत. पहिला असा की नक्षी कापडावर वरून चढवलेली नसून तीच कापड असते, त्यामुळे पदर दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो आणि मागे लोंबणारे किंवा कापलेले धागे राहत नाहीत. दुसरा असा की या कामाला गती देता येत नाही. दाट नक्षीच्या पदरावर दिवसभराच्या मेहनतीने जेमतेम एखादा इंच कापड पुढे सरकते. साधा पदर आणि विरळ बुट्ट्या असलेली पैठणी तीन-चार आठवड्यांत मागावरून उतरते. बांगडी-मोर, म्हणजे बांगडीच्या वर्तुळात बसवलेला मोर, किंवा असावली, म्हणजे फुलांनी लगडलेली वेल, अशा नक्षीने भरलेल्या मोठ्या पदराला अनेक महिने लागतात आणि क्वचित वर्षही उलटते. साडीचे अंग मात्र त्या मानाने भराभर विणून होते. लांबीचा मोठा भाग अंगाचा आणि वेळेचा मोठा भाग पदराचा, हे विषम प्रमाण लक्षात ठेवले म्हणजे पुढचा इतिहास सोपा होतो.

पैठण, म्हणजे प्राचीन प्रतिष्ठान, हे गोदाकाठचे नगर सातवाहनांची राजधानी होते, आणि इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात त्याचे नाव येते, म्हणून पैठणीचा वारसा थेट रोमच्या बाजारापर्यंत नेऊन भिडवण्याचा मोह अनेकांना झालेला आहे. तो आवरलेला बरा. त्या ग्रंथात पैठणहून भडोचच्या बंदराकडे गाड्यांतून जाणाऱ्या मालात अकीकासारख्या मौल्यवान दगडांचा उल्लेख आहे. निरनिराळ्या प्रकारच्या कापडाचा उल्लेख आहे तो तगर, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील तेर, या गावाच्या संदर्भात. दख्खनच्या या भागात कापडाचा मोठा व्यापार दोन हजार वर्षांपूर्वी होता एवढेच त्यावरून निश्चित म्हणता येते. वस्त्राच्या किमतीचा प्रश्न मात्र तेव्हाही विचारात घेतलेला दिसतो: कौटिलीय अर्थशास्त्रात सूत्राध्यक्ष नावाच्या अधिकाऱ्याने सूत बारीक, मध्यम की जाड आहे हे पाहून आणि ते किती कातले गेले हे मोजून वेतन ठरवावे, असा नियम आहे. बारीक कामाला अधिक वेळ लागतो आणि अधिक वेळेला अधिक वेतन द्यावे लागते, हे तत्त्व त्यात स्पष्ट मान्य केलेले आहे.

आज ओळखली जाते तशा पैठणीचा काळ मोगल आणि पेशवे यांचा. तिच्या वेलबुट्टीवर मोगल अलंकरणाची छाप आहे, आणि पेशवे दफ्तरातील पत्रांतून पैठणहून मागवलेल्या वस्त्रांचे उल्लेख मिळतात. थोरल्या माधवरावांच्या काळातील मागण्यांत असावली नक्षीचे दुपट्टे आणि त्यांचे नेमके रंगही सांगितलेले आढळतात. अशा ग्राहकाला घाई नसे आणि तो सवलतही मागत नसे. परंतु त्या काळच्या पैठणीची किंमत कशाची बनलेली होती हे पाहिले तर आजच्या समजुतीला धक्का बसतो, कारण तिच्यातला सर्वांत मोठा वाटा विणकराच्या कौशल्याचा नसून धातूचा होता.

जर म्हणजे सोन्याचा मुलामा दिलेली चांदीची तार. चांदीच्या कांबीवर सोन्याचा पत्रा चढवून ती तापवीत, मग जंतरातून, म्हणजे क्रमाने लहान होत जाणाऱ्या छिद्रांच्या पोलादी पट्टीतून, पुनःपुन्हा ओढून ती केसासारखी बारीक करीत. चांदी कितीही लांबली तरी वरचा सोन्याचा थर न तुटता तिच्याबरोबर पातळ होत जाई. ही तार ठोकून चपटी केली जाई आणि रेशमाच्या धाग्यावर गुंडाळली जाई. तार ओढणारा तारकश, ती चपटी करणारा, ती गुंडाळणारा, असे निरनिराळे कारागीर या एका धाग्यावर पोट भरीत. पदराची सगळी जमीन अशा धाग्याने भरलेली असल्यामुळे जड पैठणीत चांदी-सोन्याचे वजन लक्षणीय असे, आणि ज्या समाजात धातू महाग आणि माणसाचे श्रम स्वस्त होते तिथे किमतीचा मोठा भाग त्या वजनानेच खाल्ला यात नवल नाही. दागिन्याला मोड येते तशी जुन्या पैठणीलाही येई. जरीचे जुने कपडे विकत घेणारे फिरते व्यापारी गावोगाव हिंडत; ते वस्त्र जाळले जाई, रेशमाची राख होई आणि चांदीचा गोळा हाती लागे.

शेकडो पदर या रीतीने भट्टीत गेले ही महाराष्ट्राच्या वस्त्रकलेच्या इतिहासातील मोठी हानी आहे, आणि ती कुणाच्या अरसिकपणामुळे झाली असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. फाटलेल्या वस्त्रातील नक्षीला बाजारात दाम नव्हता आणि त्यातील चांदीला होता. अडचणीतल्या घराने जे विकले जाते ते विकले. विणकराचे सहा महिने त्या व्यवहारात शून्य रुपयांचे ठरत. पेशवेकाळातील जे पदर आज संग्रहालयांत टिकले आहेत तेच रिकार्डोच्या पहिल्या वर्गातील, श्रमाने पुन्हा न वाढवता येणाऱ्या वस्तू होत, आणि त्यांची संख्या घटवण्याचे काम त्यांच्याच जरीने केले.

१८१८ मध्ये पेशवाई संपली तेव्हा पैठण निजामाच्या राज्यात होते आणि १९४८ पर्यंत ते हैदराबाद संस्थानातच राहिले. निजामाच्या घराण्याने काही आश्रय दिला, राजकन्या निलोफर यांनी नक्षीत नवे प्रकार आणवले असेही सांगितले जाते, पण पुण्याच्या दरबाराची आणि त्याच्या भोवतीच्या सरदारवाड्यांची नियमित मागणी परत आली नाही. नाशिक जिल्ह्यातील येवले या दृष्टीने अधिक भाग्यवान ठरले. सतराव्या शतकात रघोजी नाईक यांनी वसवलेल्या या गावात विणकर कुटुंबे आणून स्थिर केली गेली अशी परंपरा आहे. पुढे ते विंचूरकरांच्या जहागिरीत होते. आणि १८७८ मध्ये दौंड-मनमाड लोहमार्ग सुरू झाल्यावर ते मुंबईच्या रेशीमबाजाराशी थेट जोडले गेले. पैठणला रेल्वे कधीच मिळाली नाही. साडीचे नाव पैठणचे आणि तिचे बहुतेक माग येवल्याचे, ही आजची स्थिती मुख्यतः या राजकीय व दळणवळणाच्या कारणांनी घडलेली आहे.

याच काळात कापडाच्या जगात ती उलथापालथ झाली जिच्यामुळे हातकामाच्या किमतीचा अर्थच बदलला. कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये मुंबईत सूतगिरणीची कंपनी काढली, पुढच्या काही दशकांत गिरणगाव उभे राहिले, आणि १९०४ मध्ये इचलकरंजीत विठ्ठलराव दातार यांनी पहिला यंत्रमाग बसवला. पायांनी आणि हातांनी चालवायच्या मागावर दिवसभरात जे साधे कापड निघे ते यंत्रमागावर फार थोड्या वेळात निघू लागले. एकेक कामगार अनेक माग सांभाळू लागला. साध्या कापडाच्या वाराभर तुकड्यातील मानवी वेळ इतका आकसला की तो हिशेबात धरण्याजोगाही उरला नाही. सर्व हातमाग यामुळे बंद पडले अशी जी सरसकट समजूत आहे ती इतिहासाला धरून नाही. तीर्थंकर रॉय यांच्यासारख्या आर्थिक इतिहासकारांनी दाखवून दिले आहे की जाडेभरडे, साधे कापड विणणारे मागे हटले, पण काठापदराच्या साड्या विणणारे टिकून राहिले, कारण गिरणीला त्यांचे काम करता येत नव्हते किंवा ते परवडत नव्हते.

पैठणीच्या बाबतीत ही मर्यादा अगदी रेखीवपणे दिसते. जॉन के याने १७३३ मध्ये शोधलेला, दोरीच्या झटक्याने धावणारा धोटा विसाव्या शतकाच्या आरंभी भारतीय हातमागांवर पसरू लागला आणि अंग विणण्याची गती वाढली; पदराला त्याचा उपयोग नव्हता, कारण तिथे धोटा काठापासून काठापर्यंत धावतच नाही. जोसेफ जकार्ड याने १८०४ च्या सुमारास सिद्ध केलेले, छिद्रांच्या पुठ्ठ्यांनी ताण्याचे धागे उचलणारे यंत्र नक्षीच्या कापडाला लागू पडले, आणि त्यावर मोर, पोपट, कमळे झपाट्याने विणता येऊ लागली. पण त्यात नक्षीचा धागा नको तिथे कापडाच्या मागून जातो आणि मागे मोकळा राहतो किंवा कापावा लागतो. येवल्याच्या बाजारात अशा मालाला ब्रोकेड म्हणतात, आणि रेशमाऐवजी कृत्रिम धागा व प्लॅस्टिकची जर वापरलेल्या यंत्रमागाच्या मालाला सेमी पैठणी. रासायनिक रंगांनी रंगारी मोकळा झाला, सुरतेच्या कारखान्यांनी तारकश मोकळा केला, बंगळूरहून येणाऱ्या रेशमाने धागा काढण्याचे काम गावाबाहेर नेले. पदर विणणाऱ्याचा वेळ तेवढा जिथल्या तिथे राहिला.

इथेच महागाईचे खरे कारण सापडते. विल्यम बोमोल आणि विल्यम बोवेन या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ मध्ये रंगभूमी व संगीत यांच्या खर्चाचा अभ्यास करताना असे दाखवले की चार वादकांची रचना दोनशे वर्षांपूर्वी वाजवायला जेवढी माणसे आणि जेवढा वेळ लागत होता तेवढाच आजही लागतो, परंतु दरम्यान कारखान्यातील एका माणसाचे तासाभराचे उत्पादन अनेक पटींनी वाढल्यामुळे सगळीकडचे वेतन वाढले आहे, आणि वादकाला त्या वेतनाच्या आसपास काही दिले नाही तर तो वाद्य सोडून दुसरे काम धरील. म्हणून ज्या कामाची उत्पादकता वाढत नाही त्याची किंमत इतर वस्तूंच्या तुलनेने सतत चढत राहते. पैठणीचा विणकर तंतोतंत याच जागी उभा आहे. पदराचा एक इंच माधवरावांच्या काळी जेवढ्या वेळात विणला जात असे जवळजवळ तेवढ्याच वेळात आजही विणला जातो. पण त्याच वेळेत त्या विणकराचा मुलगा नाशिक किंवा छत्रपती संभाजीनगरच्या औद्योगिक वसाहतीत जे मिळवू शकतो ते आता पदराच्या किमतीत धरावे लागते. पैठणी आपल्या गुणाने महाग झालेली नाही. तिच्याभोवतीचे सगळे जग स्वस्त झाले आणि माणसाचा दिवस महाग झाला.

दुर्मीळता यानंतर येते. सामान्य वस्तूची किंमत वाढली की तिचे उत्पादक वाढतात आणि किंमत पुन्हा खाली येते. पदराच्या विणकामात हे चक्र फिरत नाही, कारण चांगला पदर विणणारा हात तयार व्हायला काही वर्षे जातात, आणि ती वर्षे बहुधा घरातच, वडीलधाऱ्यांच्या शेजारी मागावर बसून, नगण्य कमाईवर काढावी लागतात. एखाद्या पिढीने मागाकडे पाठ फिरवली की पुढच्या पिढीत किंमत दुप्पट झाली तरी विणकर दुप्पट होत नाहीत. मागणीचे तसे नाही. ती लग्नसमारंभ, वाढलेले मध्यमवर्गीय उत्पन्न आणि २००४ पासून पैठणीला घरोघरचे बक्षीस बनवणारा ‘होम मिनिस्टर’सारखा दूरचित्रवाणी कार्यक्रम यांनी काही वर्षांत फुगली. पूर्वी राजघराण्यांपुरती असलेली इच्छा लाखो घरांत पोचली, आणि ती भागवायला पुढे आला तो यंत्रमाग.

त्यातून एक नवी अडचण उभी राहिली, आणि ती किमतीच्या प्रश्नातील कदाचित सर्वांत गंभीर बाजू आहे. अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये मांडलेला सिद्धान्त असा की ग्राहकाला चांगला आणि हलका माल ओळखता येत नसेल तर तो दोन्हींना मधलीच किंमत देऊ पाहतो, त्या किमतीत चांगला माल परवडत नाही, आणि हळूहळू बाजारात हलका मालच उरतो. उलट बाजू तपासण्याची सवय नसलेल्या ग्राहकापुढे सेमी पैठणी ‘हातमागाची’ म्हणून ठेवली जाते तेव्हा हेच घडते. १९८५ च्या हातमाग आरक्षण कायद्याने ठराविक प्रकारचे कापड केवळ हातमागासाठी राखून ठेवले, सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये तो कायदा वैध ठरवला, पण राखीव प्रकारांची यादी पुढे बावीसवरून अकरावर आली आणि अंमलबजावणी कायम ढिली राहिली. २००४ पासून दिली जाणारी सिल्क मार्क ही खूण रेशमाच्या शुद्धतेची ग्वाही देते, माग हाताचा की यंत्राचा हे सांगत नाही. २००६ ची हॅंडलूम मार्क ही खूण माग हाताचा असल्याचे सांगते, पण हातमागावर जकार्ड लावून विणलेला पदर आणि तिल्ल्यांनी विणलेला पदर यांत भेद करीत नाही. २०१० च्या सुमारास पैठणीला भौगोलिक मानांकन मिळाले आणि नावाला कायद्याचे संरक्षण लाभले. या सर्व उपायांपेक्षा पदर उलटून पाहणारा ग्राहक अधिक परिणामकारक आहे, कारण दोन्ही बाजूंनी सारखी दिसणारी नक्षी हे असे प्रमाणपत्र आहे जे छापता येत नाही.

एवढे सगळे झाल्यावरही किंमत आणि विणकराची मजुरी या दोन वेगळ्या गोष्टी राहतात. २०१९-२० च्या चौथ्या अखिल भारतीय हातमाग गणनेनुसार देशातील सुमारे दोन तृतीयांश विणकर कुटुंबांचे मासिक उत्पन्न पाच हजार रुपयांहून कमी होते. पैठणीचे कुशल विणकर या पातळीच्या वर असतात, तरी त्यांतील अनेक जण आजही मालकाकडून रेशीम व जर घेऊन नगावर मजुरी घेणारेच आहेत, आणि शहरातल्या दुकानातील किमतीत मालकाचे व्याज, घाऊक व्यापाऱ्याचा वाटा आणि दुकानाचे भाडे मिसळलेले असते. जुन्या काळी पदराचे सहा महिने चांदीच्या वजनाखाली दडत. आता ते किमतीत स्पष्ट मोजले जातात, जाहिरातीत अभिमानाने सांगितलेही जातात, पण त्यांचा मोबदला पूर्णपणे ते सहा महिने खर्ची घालणाऱ्या विणकराकडे जातोच असे नाही. येवल्यातील काही विणकर कुटुंबांनी घराच्या पुढच्या खोलीतच विक्री सुरू करून यावर मार्ग काढला आहे. त्यासाठी रेशीम आणि जर यांत महिनोन्महिने अडकून पडणारे भांडवल स्वतःचे असावे लागते, आणि ग्राहकापुढे साड्या उलगडण्यासाठी घरातल्या एका माणसाला मागावरून उठावे लागते. ज्या घरात विणणारे हात दोनच आहेत त्या घराला हे अजून जमलेले नाही.